आवाज का फाटतो?



जपमाळेच्या महिन्यातील एका रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आमच्या धर्मग्रामातील एक तरुण चर्चच्या आवारात माझी वाट पाहत उभा होता. बेळगाव व खानापूर यांच्या दरम्यान तो भाड्याची गाडी चालवितो, आणि तिच्यावरच त्याच्या घरची चूल पेटते. सोबत त्याची पाच वर्षांची मुलगी होती. जरा घुटमळून तो म्हणाला, "फादर, गाडीतला वूफर फाटल्यागत वाजतोय बघा. दुकानदार म्हणतो, वूफर गेला. नवा घाला आणि अॅम्प्लिफायरही मोठा घाला. पंधरा हजार सांगितलेत. बायकोच्या बचत गटातून उचलू का, सांगा की!"

घरच्या कारभारिणीचे या बाबतीत काय मत आहे, असे मी विचारले. त्याने मान खाली घातली. तेवढ्यावरून मी काय ते समजलो. "बाळा," मी म्हणालो, "कर्ज काढण्यापूर्वी तासभर मला दे."

सेमिनरीत असताना प्रार्थनामंदिरातील ध्वनिक्षेपकाची देखभाल माझ्याकडे असे. त्या वेळी एक गोष्ट मी शिकलो. आवाज ज्या वाटेने येतो त्याच वाटेने, उगमापासून टोकापर्यंत, दोष शोधीत जावे. आणि एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले म्हणजे गुण कशाने आला हे कळत नाही.

आवाज फाटतो म्हणजे काय होते, हे आधी समजून घेऊ. ध्वनीची लाट वर चढते व खाली उतरते. बॅटरीतून मिळणाऱ्या शक्तीच्या मर्यादेत अॅम्प्लिफायर त्या लाटेला उंच करतो. त्या मर्यादेपलीकडची उंची मागितली, तर उंच माणसाचे डोके बुटक्या दाराला आपटावे तसे लाटेचे माथे सपाट छाटले जातात. हाच तो फाटका आवाज. तो केवळ कानाला कडू लागतो असे नव्हे. त्यामुळे वूफरमधील तांब्याच्या तारेचे वेटोळे अधिक तापते, आणि असेच चालू राहिले तर अखेर जळते. तेव्हा 'अजून थोडा वाढवू' हा उपाय नव्हे; कित्येकदा तोच रोग असतो.

आम्ही प्रथम उगम तपासला. मूळ ध्वनिमुद्रणच फाटके असेल, तर पुढच्या यंत्रांना बोल लावून काय उपयोग? म्हणून स्वच्छ मुद्रित झालेले दुसरे गीत लावून पाहिले. आवाज तसाच फाटत होता. मग मोबाइलमधील व गाडीच्या प्लेअरमधील खर्ज वाढविण्याच्या साऱ्या सोयी शून्यावर आणल्या. थोडा फरक पडला, परंतु दोष गेला नाही.

त्यानंतर अॅम्प्लिफायरकडे वळलो. त्याच्यावर 'गेन' नावाचे बटण असते. पुष्कळ लोक त्याला आवाज वाढविण्याचे बटण समजतात, पण ते तसे नाही. प्लेअरकडून येणारा आवाज व अॅम्प्लिफायर यांचा मेळ घालणे एवढेच त्याचे काम. आमच्या तरुणाने ते पार शेवटपर्यंत फिरविले होते आणि शेजारचे खर्ज वाढविणारे बटणही तसेच ठेवले होते. खालचे सूर तेवढे वूफरकडे धाडणारे गाळणीचे बटणही फार वर होते, त्यामुळे गाणाऱ्याचा गळाही वूफरमधून घोगरा ऐकू येत होता. ते आम्ही ८० हर्ट्झच्या आसपास आणले.

मग वूफर. त्याच्या कडेचे रबर कोठे फाटले आहे काय ते पाहिले. दोन्ही हातांची बोटे पसरून पडदा हलकेच, सर्व बाजूंनी सारखा आत दाबला. आत वेटोळे घासल्याची खरखर ऐकू आली, तर वूफर खरोखरच बिघडला असे समजावे. खरखर नव्हती. एक तार सोडवून मीटरने वेटोळ्याचा रोध मोजला. ४ ओहमचा वूफर मीटरवर साधारण ३ ते ४ च्या दरम्यान दाखवितो. काटा मुळीच हलला नाही तर तार तुटलेली, आणि जवळजवळ शून्य दिसले तर वेटोळे जळून एकमेकांस चिकटलेले. येथे ३.४ आले. दुकानदाराने मृत ठरविलेला वूफर जिवंत होता!

खोक्याचे स्क्रूही घट्ट केले. खोक्यातून हवा निसटली तरी फुरफुर येते, आणि कित्येकदा तर बिचाऱ्या वूफरचा दोषच नसतो. मागची नंबरपाटी किंवा डिकीचे दार थरथरत असते. म्हणून खोके बाहेर काढून जमिनीवर ठेवून वाजविले. आवाज अजूनही फाटतच होता.

आता एकच वाट उरली होती: शक्ती कोठून येते ती. इंजिन चालू ठेवून, गाणे मोठ्याने लावून बॅटरीवर मोजले, तो १३.९ व्होल्ट; अॅम्प्लिफायरच्या टोकांवर मोजले, तो ११.२. मधले २.७ व्होल्ट कोठे गेले? मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण बाजूला व दुसरे अॅम्प्लिफायरच्या जमिनीच्या तारेला लावले. येथे जवळजवळ काहीच दिसावयास नको, पण २.२ दिसले. चोर सापडला!

बॅटरीची ऋण तार आधी सोडवून (हे कधीही विसरू नये) आम्ही तो स्क्रू उघडला. जोडणाऱ्याने तो रंगावरच आवळला होता, आणि आमच्या घाटमाथ्याच्या पावसाने खाली तांबडा गंज चढविला होता. रंग व गंज खरवडून पत्रा चकचकीत केला, तार घट्ट आवळली, वर थोडे ग्रीस लावले. पुन्हा मोजले तेव्हा अॅम्प्लिफायरवर १३.३ व्होल्ट आले. मग गेन अगदी खाली आणून, प्लेअरचा आवाज पाऊण ठेवून, गेन हळूहळू वाढविला. जेथे आवाज फाटू लागला तेथून थोडा मागे घेतला व तेथेच सोडला. खर्ज मृदंगासारखा गोल वाजू लागला. खर्च आला तो पॉलिश कागदाच्या एका तुकड्याचा.

जुना दोष कसा वाढत गेला, हे आता उघड झाले. जमिनीची जोड गंजली म्हणून आवाज दुबळा झाला. दुबळा झाला म्हणून गेन वाढविला. वाढविला म्हणून तो फाटला. आणि फाटला म्हणून मोठे यंत्र विकत घ्यावयाचे ठरले. कर्ज काढून नवे यंत्र त्याच गंजक्या स्क्रूवर जोडले असते, तर त्याने अधिक शक्ती मागितली असती आणि दोष आणखीच वाढला असता.

वाचकहो, हे सारे होत असता मागच्या सीटवर खोक्याला टेकून ती लहानगी बसली होती. मी पाठीमागून हलकेच तिला हाक मारली. तिने वळून पाहिले नाही. पुन्हा मारली, तरी नाही. बापाचा चेहरा उतरला. रोज शाळेत जाता-येता तिची हीच जागा होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मुलांच्या कानांना आठवड्यातून ४० तास ७५ डेसिबल, तर प्रौढांना ८० डेसिबल, एवढी मर्यादा पाळावी. आणि दर ३ डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो. पडद्याला लागून बसणाऱ्या लेकराची मर्यादा किती लवकर संपत असेल, याचा विचार त्याने कधी केला नव्हता. मीही, किती वेळा त्याच्या गाडीत बसलो असेन, पण केला नव्हता.

कानाच्या डॉक्टरांनी तिला तपासले. देवाच्या दयेने कानात मळ साठला होता, एवढेच. आवाजाने अपाय झालेला नव्हता. परंतु तपासणीचा दिवस उजाडेपर्यंतचे आठ दिवस त्या बापाने कसे काढले, हे त्याचे तोच जाणे. आता लेक पुढे आईच्या मांडीवर बसते आणि वूफर तिच्यासमोर हळू वाजतो.

होरेब पर्वतावर एलिया संदेष्ट्याला परमेश्वर वादळात भेटला नाही, भूकंपात नाही, अग्नीतही नाही. त्यानंतरच्या मंद स्वरात भेटला. आपल्या घरातही आवाज चढू लागला म्हणजे प्रथम जमिनीची जोड पाहावी. कोठेतरी प्रार्थना चुकली असेल, कोणाचा शब्द मनात गंजत पडला असेल, बायकोला न विचारता काही ठरले असेल. तो गंज खरवडला नाही, तर कितीही मोठ्याने बोलून काय होणार?

त्या सायंकाळी जपमाळेला तो तरुण सहकुटुंब आला होता. बचत गटाचे पैसे जेथले तेथे आहेत, हे त्याच्या बायकोनेच मला हसत सांगितले.

ख्रिस्तामध्ये तुमचा,
एक धर्मगुरू