दोन हात आणि चाळीस अँपियर

मागच्या महिन्यातली गोष्ट. रविवारची दुपार, जेवणं आटोपून सगळे आडवे झालेले. आमच्या कामोठ्याच्या घरात अचानक प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला. मागच्या खोलीत जाऊन बघतो तर बाबा प्लग हातात धरून उभे. प्लगची एक पिन काळी, आणि भिंतीवरचं सॉकेट तपकिरी होऊन वाकलेलं. "काही नाही रे, जरा गरम झालं होतं," म्हणून त्यांनी विषय संपवला. गृहपाठ लपवताना पकडला गेला की माझा मुलगा याच सुरात बोलतो!

थोडी पार्श्वभूमी सांगतो. बाबांनी पस्तीस वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यात टर्नर म्हणून काढली. निवृत्तीनंतर पहिलं वर्ष पेपर वाचण्यात आणि आईच्या स्वयंपाकात सूचना करण्यात गेलं. आईने सहनशक्तीची हद्द झाल्याचं जाहीर केल्यावर मागची दहा बाय बाराची खोली त्यांना दिली. तिथे आधी एक ड्रिल आलं, मग ग्राइंडर, मग टेबल सॉ. हे सगळं चालायचं कशावर? तर बिल्डरने टीव्हीसाठी दिलेल्या ६ अँपियरच्या एका सॉकेटवर. वायर भिंतीत १ ची. त्यावर एक्स्टेंशन बोर्ड, आणि त्या बोर्डावर दुसरा बोर्ड. मी रोज त्या खोलीवरून ऑफिसला जात होतो आणि मला हे कधी दिसलं नाही. असो.

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. संकट आलं की एक्सेल उघडायचं! घरातल्या आणि खोलीतल्या प्रत्येक वस्तूच्या पाटीवरचे आकडे लिहून काढले. बाबांना पुढेमागे हवा असलेला २ एचपीचा कॉम्प्रेसर आणि छोटं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनही धरलं. खोलीची बेरीज आली ९.८५ किलोवॅट. घराची (दोन एसी, गीझर, मायक्रोवेव्ह, फ्रिज, पंप, वॉशिंग मशीन, दिवे-पंखे) ८.४. एकूण १८.२५ किलोवॅट. भागिले २३० व्होल्ट, म्हणजे जवळजवळ ८० अँपियर. आपल्याकडे सिंगल फेजची जोडणी साधारण ४० अँपियरपर्यंतच मिळते. निष्कर्ष उघड होता, थ्री फेज! ज्याला बोलावलं तो इलेक्ट्रिशियनही खूश. "साहेब, थ्री फेजच घ्या, टेन्शन नको." सर्व्हर विकणारेही आम्हाला ऑफिसात अगदी हेच सांगतात.

शीट मोठ्या अभिमानाने बाबांना दाखवली. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "हे सगळं एकदम कोण चालवणार? मला हात किती आहेत?"

मंडळी, आजचा सगळा लेख या एका प्रश्नावर आहे. माझं मत असं झालंय की घरच्या वर्कशॉपची वीज मशिनं मोजून ठरवू नये, माणसं मोजून ठरवावी. एकट्या माणसाच्या वर्कशॉपला सिंगल फेज बहुतेक वेळा पुरतो, आणि थ्री फेजवर जाणारा पैसा वायर, अर्थिंग आणि सुरक्षेवर घालावा.

आता पुन्हा हिशोब करू. बाबा टेबल सॉ चालवतात तेव्हा ड्रिल, ग्राइंडर आणि वेल्डिंग बंदच असतं, कारण दोन्ही हात लाकडावर आहेत. (नसतील तर वीज हा आपला सगळ्यात छोटा प्रश्न आहे.) सॉ १.६, भुसा ओढणारा व्हॅक्यूम १.२, दिवा-पंखा ०.२. झाले ३ किलोवॅट. त्याच वेळी घरात एक एसी, फ्रिज, वॉशिंग मशीन, दिवे-पंखे आणि टीव्ही धरून आणखी ३. एकूण ६ किलोवॅट म्हणजे २६ अँपियर. मोटारींचा पॉवर फॅक्टर धरून ३० म्हणू. ८० चे ३० झाले, आणि एकही मशीन कमी करावं लागलं नाही!

पण या नियमाला एक अपवाद आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. काही यंत्रांना हात लागत नाहीत. कॉम्प्रेसरच्या टाकीतला दाब उतरला की तो विचारायला येत नाही, स्वतःच सुरू होतो. त्याचे २ किलोवॅट मिळवले की आपण थेट ३९-४० वर जाऊन बसतो. शिवाय मोटार सुरू होताना क्षणभर नेहमीच्या ५ ते ७ पट करंट ओढते, ते वेगळंच. यावर उपाय बाबांचा, नाव मात्र माझं. सॉ आणि कॉम्प्रेसर यांच्यामध्ये एक चेंजओव्हर स्विच. एका बाजूला केला की सॉ, दुसऱ्या बाजूला केला की कॉम्प्रेसर. दोन्ही एकदम चालूच होऊ शकत नाहीत. आम्ही याला म्यूटेक्स म्हणतो आणि त्यावर इंटरव्ह्यूत प्रश्न विचारतो. बाजारात तो काही शे रुपयांना मिळतो.

वेल्डिंगचंही गणित फसवं असतं. १०० अँपियरवर वेल्डिंग करताना आर्कला साधारण २४ व्होल्ट लागतात, म्हणजे २.४ किलोवॅट. मशीनमधला अपव्यय धरून भिंतीतून ३. पण स्वस्त मशीनचा पॉवर फॅक्टर ०.७ च्या आसपास असतो, त्यामुळे करंट १३ ऐवजी १८-१९ अँपियर. घराचे १४ मिळवून ३३. चालतंय. त्यात कुणी गीझर लावला की ४२. म्हणून आता खोलीच्या दारावर आईच्या अक्षरात पाटी आहे: "वेल्डिंग चालू, आंघोळ नंतर."

आता कुणी म्हणेल, एवढ्या कसरती कशाला, थ्री फेज घेऊन मोकळं व्हा की! मलाही आधी तेच वाटत होतं. पण थ्री फेज म्हणजे तिप्पट मोठा नळ नव्हे, ते तीन वेगळे नळ आहेत. घरगुती मशिनं सिंगल फेजचीच असतात, प्रत्येक मशीन एकाच नळाला लागतं. त्या नळाची वायर बारीक असेल तर बाकीचे दोन असून उपयोग काय? महावितरणच्या बिलात थ्री फेजचा स्थिर आकारही जास्त असतो आणि तो दर महिन्याला येतो, मशीन चालो न चालो. वर कधी न्यूट्रल तुटला तर एखाद्या फेजवर २३० च्या ऐवजी बरेच जास्त व्होल्ट येऊन फ्रिज-टीव्ही जाऊ शकतात.

तर मग पैसा कुठे घालायचा? आम्ही घातला तो असा.

वायर: मीटरपासून डीबीपर्यंत १० ची तांब्याची, आणि डीबीपासून खोलीपर्यंत स्वतंत्र ६ ची, ३२ अँपियरच्या एमसीबीवर. खोलीत सॉकेटना अडीचची, वेल्डिंगला ४ ची आणि २० अँपियरचं मेटलक्लॅड सॉकेट. फरक किती पडतो बघा. डीबी ते सॉ १५ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ३०. सॉ सुरू होताना ४५ अँपियर ओढतो असं धरलं तर १ च्या वायरमध्ये २५ व्होल्ट वाटेतच जातात आणि मोटार कण्हते. तेवढ्याच अंतरावर अडीचच्या वायरमध्ये ११ जातात. ६ ची असेल तर चारेक.

एमसीबी: मोटारींना सी टाइपचा. बी टाइपचा रेटिंगच्या ३ ते ५ पटीतच पडतो, म्हणजे सॉ सुरू केला की खोलीत अंधार व्हायची शक्यता. सी ५ ते १० पट सहन करतो.

आरसीसीबी: ३० मिलीअँपियरचा, फक्त या खोलीसाठी वेगळा. पावसाळ्यात आमच्या भिंतींना ओल येते, तेव्हा तो पडला तर खोली बंद पडेल, फ्रिज नाही. आणि अर्थिंग नवीन, मोजून घेतलेलं.

स्टार्टर: हे मला सुचलंच नसतं. वीज जाऊन परत आली की साधा स्विच असलेलं मशीन आपोआप सुरू होतं. विचार करा, वीज गेली म्हणून तुम्ही पात्यावरचा भुसा झटकताय आणि ती परत आली. हिरवं-लाल बटण असलेल्या डीओएल स्टार्टरमध्ये तसं होत नाही, पुन्हा हिरवं दाबावं लागतं. कारखान्यात हे शिकवावं लागत नाही, घरी कुणाला सुचत नाही.

एवढं करून मंजूर भार ३ चा ८ किलोवॅट करून घेतला, परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडून. (तुमच्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो. किती आहे ते आज बघाच.)

थ्री फेज कधीच घेऊ नये असं मी म्हणत नाही. ३ एचपीच्या वरच्या मोटारी, दोन माणसं एकदम काम करणारी, किंवा दारात इलेक्ट्रिक गाडी आणि ७ किलोवॅटचा चार्जर असेल तर जरूर घ्या. तो चार्जर एकटाच ३० अँपियर खातो, तिथे कुठलाही म्यूटेक्स पुरणार नाही. आणि पैसे घेऊन जॉबवर्क करायचा विचार असेल तर आधी दर-आदेश वाचा. घराच्या एका भागात व्यवसाय करणाऱ्याला महिना ३०० युनिटच्या आत घरगुती दर लागू ठेवणारी तरतूद त्यात वर्षानुवर्षं आहे, पण सध्याच्या अटी तपासूनच पुढे जा.

बाबांना खरं तर लेथ हवाय. जुना, १ एचपीचा, थ्री फेज मोटारीचा. मला वाटलं, आता अडलं. तर म्हणाले, "मोटार खोलायची, स्टारची डेल्टा करायची. मग २३० वर चालते. एक छोटा ड्राइव्ह लाव, तो सिंगल फेजमधून तीन फेज काढून देतो." मी दोन दिवस नेटवर वाचून खात्री केली. बरोबर आहे.

पस्तीस वर्षांत या माणसाला हे सगळं माहीत होतं, आणि तरी तो टीव्हीच्या सॉकेटवर टेबल सॉ चालवत होता. का, म्हणून विचारलं. म्हणाले, "खर्चाचं तुला कसं सांगणार? छंदच तो."

त्यामुळे माझ्या एक्सेलमधली सगळ्यात मोठी चूक ८० अँपियरची नव्हती. मी वस्तू मोजत बसलो आणि ज्याच्यासाठी मोजत होतो त्यालाच शेवटी विचारलं. तुमच्याही घरात कुणी असं एक्स्टेंशनवर एक्स्टेंशन लावून काही करत असेल, तर या रविवारी जाऊन प्लगला हात लावून बघा. गरम लागला तर ओरडू नका. वायर बदलून द्या.