आश्रयाचे वचन आणि सरकारचे उत्तरदायित्व

जर्मनीत गेली दहा वर्षे धुमसत असलेला वाद वरकरणी निर्वासितांविषयीचा आहे. परदेशांतून आश्रयासाठी आलेल्यांपैकी किती जणांना ठेवून घ्यावे, कोणास परत पाठवावे, आणि त्यांच्यापैकी एखाद्याने घोर गुन्हा केला तर त्याचा दोष कोणाच्या माथी मारावा, या प्रश्नांवर तेथे निवडणुका लढविल्या जात आहेत आणि जुने पक्ष आपली जुनी बंधने सोडून देत आहेत. परंतु या वादाच्या मुळाशी जाऊन पाहिले म्हणजे असे दिसते की, खरा प्रश्न निर्वासितांच्या संख्येपेक्षा सरकारच्या कर्तृत्वाचा आहे. जे सरकार वचन देते त्याने ते पाळण्याची यंत्रणाही उभारली पाहिजे. आणि जे सरकार नकार देते त्याने तो नकार अमलात आणला पाहिजे. या दोन्ही कर्तव्यांत कसूर झाली म्हणजे काय घडते, याचा वस्तुपाठ जर्मनीने जगापुढे ठेवला आहे, आणि तो आपणही नीट वाचावा असे आम्हांस वाटते.

राजकीय छळाला बळी पडलेल्यांना आश्रयाचा हक्क आहे, हे वाक्य १९४९ साली पश्चिम जर्मनीच्या मूलभूत कायद्यात घातले गेले. मूळ भाषेत ते अवघ्या चार शब्दांचे आहे. ते लिहिणाऱ्यांच्या मनात जुलै १९३८ मधील एव्हियाँ येथील परिषदेसारख्या घटना ताज्या होत्या. हिटलरच्या राज्यातून पळू पाहणाऱ्या ज्यूंचे काय करावयाचे याचा विचार करण्यासाठी तेथे बत्तीस राष्ट्रे जमली, त्यांनी सहानुभूतीची भाषणे केली आणि बहुतेकांनी आपली दारे बंदच ठेवली. आपल्या भूमीतून लोकांना परागंदा व्हावे लागले, याची लाज वाटून जर्मन घटनाकारांनी तो हक्क कसल्याही अटीविना लिहून टाकला. त्यात उदात्तता होती यात शंका नाही. पण उदात्त वचनाचा हिशेब पुढच्या पिढ्यांना चुकवावा लागतो. १९९२ मध्ये आश्रयासाठी सुमारे ४ लाख ३८ हजार अर्ज आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रोस्टोक शहराच्या लिश्टेनहागेन भागात निर्वासितांच्या इमारतीवर जमावाने दिवसेंदिवस हल्ले केले आणि बघ्यांनी टाळ्या वाजविल्या. पुढे २६ मे १९९३ रोजी संसदेने त्या हक्काला मर्यादा घातल्या आणि सुरक्षित देशांतून येणाऱ्यांना तो नाकारला. त्यानंतर तिसऱ्याच दिवशी झोलिंगेन या गावात एका तुर्की कुटुंबाचे घर पेटवून देण्यात आले आणि त्यात पाच स्त्रिया व मुली जळून मेल्या. कायदा कडक केला म्हणजे द्वेष आपोआप शमतो, या समजुतीला इतके तत्काळ आणि इतके भीषण उत्तर क्वचितच मिळाले असेल.

सीरियातील यादवीने २०१५ साली हाच प्रश्न अनेक पटींनी मोठा करून पुन्हा उभा केला. त्या एका वर्षात सुमारे ८ लाख ९० हजार लोक आश्रयासाठी जर्मनीत पोहोचले. चॅन्सेलर अंगेला मेर्केल यांनी ३१ ऑगस्ट रोजी ‘हे आपण पार पाडू’ असे देशाला सांगितले. त्या आश्वासनाची आज टवाळी होते. पण ते सर्वस्वी खोटे ठरले असे म्हणणे न्याय्य होणार नाही. त्या वर्षी आलेल्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक लोक २०२४ पर्यंत नोकरीधंद्यास लागले होते. जर्मनीतील परदेशी डॉक्टरांत सीरियन डॉक्टरांचा गट सर्वांत मोठा आहे, आणि कित्येक लहान गावांतील रुग्णालये त्यांच्या आधारावर चालली आहेत. मात्र पार पाडण्याचे जे दुसरे अंग होते, म्हणजे आलेल्यांची ओळख पटविणे, अर्जाचा निकाल वेळेत लावणे आणि ज्यांचा अर्ज फेटाळला त्यांना परत पाठविणे, ते अंग लुळेच राहिले. वचन बर्लिनने दिले; त्याचा भार नगरपालिका, शाळा आणि पोलीस चौक्या यांच्यावर पडला.

या लुळेपणाची किंमत निरपराध माणसांनी दिली. १९ डिसेंबर २०१६ रोजी बर्लिनच्या नाताळबाजारात एका ट्यूनीशियन तरुणाने मालमोटार घुसविली व त्या दिवशी बारा बळी घेतले. हा इसम इटलीत तुरुंग भोगून आला होता. तो अनेक खोट्या नावांनी वावरत होता आणि पोलिसांच्या धोकादायक व्यक्तींच्या यादीत त्याचे नाव होते. त्याचा अर्ज काही महिन्यांपूर्वीच फेटाळला गेला होता. परंतु त्याच्या मायदेशाचे कागदपत्र आले नाहीत म्हणून तो मोकळा राहिला. ते कागदपत्र हत्याकांडानंतर दोन दिवसांनी पोहोचले. वरातीमागून घोडे हा वाक्प्रचार अशा प्रसंगी वापरण्यासही जीव धजत नाही.

यानंतर आठ वर्षे गेली, समित्या बसल्या, अहवाल निघाले. आणि २३ ऑगस्ट २०२४ रोजी त्याच झोलिंगेन गावात, नगराच्या साडेसहाशेव्या वर्षाच्या उत्सवात, एका सीरियन आश्रयार्थीने सुऱ्याने तिघांचा जीव घेतला. युरोपच्या नियमांप्रमाणे त्याला बल्गेरियात परत पाठवावयाचे होते. त्याला घेण्यासाठी अधिकारी २०२३ मध्ये त्याच्या निवासस्थानी गेले, तो तेथे सापडला नाही, आणि पुन्हा प्रयत्न झाला नाही. ठरलेली मुदत टळली आणि मग त्याला जर्मनीनेच संरक्षण दिले. खुनाची जबाबदारी खुन्याची, आणि न्यायालयाने त्याला २०२५ मध्ये जन्मठेप देऊन ती त्याच्या पदरात घातलीही आहे. पण ज्या दाराने तो आत राहिला ते दार कोणत्याही उदार तत्त्वाने उघडे ठेवले नव्हते. ते कचेरीतील ढिलाईमुळे उघडे राहिले होते. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी जर्मनीने इतर युरोपीय देशांकडे दर वर्षाला सुमारे पाऊण लाख माणसे परत घेण्याची मागणी केली; प्रत्यक्षात रवानगी झाली ती पाच-सहा हजारांची. या आकड्यांना धोरण म्हणावयाचे की धोरणाचे सोंग?

तथापि, सर्वच गुन्हे एका साच्यात बसतात असे समजणेही चुकीचे ठरेल. डिसेंबर २०२४ मध्ये माग्देबुर्गच्या नाताळबाजारात मोटार घालून सहा जणांचा बळी घेतल्याचा आरोप ज्याच्यावर आहे, तो सौदी अरेबियातून २००६ साली आलेला मनोविकारतज्ज्ञ आहे. तो उघडपणे इस्लामविरोधी होता आणि परदेशीयांच्या विरोधात असलेल्या पक्षाची तरफदारी करीत होता. त्याच्याविषयी सरकारी खात्यांना आधीच इशारे मिळाले होते. पुढील महिन्यात आशाफेनबुर्गच्या उद्यानात एका दोन वर्षांच्या बालकाचा आणि त्या मुलांना वाचवू पाहणाऱ्या एका गृहस्थाचा जीव घेणारा अफगाण तरुण मनोरुग्ण होता. त्याच्या हिंसक वर्तनाची नोंद झालेली होती आणि त्याने आपण देश सोडतो असे स्वतःच कळविले होते. एक जण उच्चशिक्षित, दुसरा वेडसर. एक अधिकृत रहिवासी, दुसरा परतीच्या वाटेवरचा. दोघांत समान असे एकच होते, ते म्हणजे त्यांच्याविषयी मिळालेली माहिती निरनिराळ्या खात्यांत विखुरलेली राहिली आणि तिच्यावर निर्णय घेण्याचे काम कोणाचेच नव्हते.

गुन्हेगारीच्या आकड्यांकडेही डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे. २०२४ मध्ये जर्मन पोलिसांनी ज्यांना संशयित म्हणून नोंदविले त्यांत, परवान्याविषयीचे गुन्हे वगळले तरी, सुमारे ३५ टक्के लोक परदेशी नागरिक होते; लोकसंख्येत त्यांचा वाटा यापेक्षा पुष्कळ कमी आहे. हा फरक नाकारून काहीही साध्य होणार नाही. पण त्या आकड्याचा अर्थ लावताना काही गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. हे संशयित आहेत, दोषी ठरलेले नव्हेत. त्यांत प्रवासी आणि सीमेपलीकडून येणाऱ्या टोळ्याही मोजल्या जातात. आणि आश्रयार्थींत तरुण पुरुषांचा भरणा मोठा असतो, ज्या वर्गाचे गुन्ह्यांतील प्रमाण कोणत्याही देशात सर्वाधिक असते. म्यूनिकच्या ईफो संस्थेने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, ज्या जिल्ह्यात परदेशीयांचे प्रमाण वाढले तेथे गुन्ह्यांचे प्रमाण त्यामुळे वाढल्याचे आढळले नाही. सारांश, परदेशी म्हणून माणूस गुन्हेगार होत नाही. पण कामावाचून, कुटुंबावाचून, निकालाची वाट पाहत वर्षानुवर्षे छावणीत खितपत पडलेला तरुण हा कोणत्याही समाजात धोक्याचा ठरतो. त्याला तसा ठेवणारे धोरण सरकारचेच असते.

अशा वेळी सरकारे दोन पळवाटा शोधतात. पहिली झाकाझाकीची. २०१५ च्या अखेरच्या रात्री कोलोनच्या रेल्वे स्थानकापाशी शेकडो स्त्रियांची विटंबना झाली. पोलिसांनी दुसऱ्या दिवशी पत्रक काढले ते रात्र बहुतांशी शांततेत पार पडल्याचे! पोलीसप्रमुखाला पद सोडावे लागले आणि तक्रारींचा आकडा पुढे हजाराच्या वर गेला. सत्य सांगितले तर द्वेष वाढेल, या भीतीने सत्य दडविणारे लोक हे विसरतात की, दडविलेले सत्य बाहेर पडते तेव्हा त्याच्यासोबत अफवांचे थवे बाहेर पडतात, आणि मग सरकारच्या खऱ्या शब्दावरही कोणी विश्वास ठेवीत नाही. त्या रात्रीपासून कट्टर पक्षाला जे बळ मिळाले त्यात त्याच्या वक्तृत्वापेक्षा त्या पत्रकाचा वाटा मोठा असावा, असे आमचे मत आहे.

दुसरी पळवाट देखाव्याची. आशाफेनबुर्गच्या प्रकारानंतर आठवड्याभरात, २९ जानेवारी २०२५ रोजी, फ्रीडरिश मेर्ट्स यांनी सीमेवरूनच सर्वांना परत फिरवावे असा ठराव संसदेत आणला. तो ३४८ विरुद्ध ३४५ मतांनी संमत झाला, आणि ही तीन मतांची आघाडी मिळाली ती ‘आल्टरनाटिव्ह फ्युर डॉइशलंड’ या पक्षाच्या पाठिंब्यामुळे. त्या पक्षाच्या मतांवर बहुमत साधणार नाही, असे मेर्ट्स यांनी दोन-अडीच महिन्यांपूर्वीच जाहीर केले होते. दोन दिवसांनी याच विषयावरील त्यांचे विधेयक मात्र पडले. पुढच्या महिन्यातील निवडणुकीत मेर्ट्स यांचा पक्ष पहिला आला खरा. पण ज्याला निष्प्रभ करण्यासाठी हा खटाटोप केला त्या पक्षाने आपली मते दुप्पट करून २०.८ टक्क्यांवर नेली. मूळ माल बाजारात असताना नक्कल कोण घेणार? मे महिन्यात नव्या सरकारने सीमेवरून आश्रयार्थी परत पाठविण्याचा हुकूम काढला, आणि २ जून रोजी बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयाने तीन सोमाली अर्जदारांच्या प्रकरणात तशी पाठवणी बेकायदा ठरविली. लोकांपुढे कणखरपणा दाखवावयाचा आणि न्यायालयात हरावयाचे, हा खेळ सरकारची आणि न्यायालयाची, दोघांचीही प्रतिष्ठा घालवितो.

मग करावे काय? आमच्या मते उत्तर नीरस आहे, आणि म्हणूनच ते कोणत्याही पक्षाच्या भित्तिपत्रकावर दिसत नाही. अर्जाचा निकाल वर्षांत नव्हे तर महिन्यांत लावणारे पुरेसे अधिकारी आणि न्यायाधीश नेमले पाहिजेत. ज्याला होकार मिळाला त्याला भाषा, काम आणि घर लवकर मिळाले पाहिजे. ज्याला अंतिम नकार मिळाला त्याची रवानगी झाली पाहिजे, आणि त्यासाठी त्याच्या मायदेशाशी करार करणे हे परराष्ट्रखात्याचे काम आहे. २०२४ अखेर जर्मनीत देश सोडण्याचा आदेश असलेले सुमारे २ लाख २० हजार लोक होते आणि त्यांपैकी चार पंचमांशांना तूर्त राहू देण्यात आले होते. ना आपला, ना परका, अशा अवस्थेत इतक्या माणसांना लटकत ठेवणे ही दया नव्हे आणि न्यायही नव्हे. हिंसेची चिन्हे दाखविणाऱ्यांची माहिती एका ठिकाणी गोळा होऊन तिच्यावर निर्णय घेणारा एक उत्तरदायी अधिकारी असला पाहिजे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये नवे सामाईक नियम संमत केले आणि जून २०२६ ही त्यांच्या अंमलाची तारीख ठरविली. ते नियम कागदावर कसेही असोत, त्यांची परीक्षा झोलिंगेनसारख्या गावातील निवासस्थानाच्या दारावर होईल. तेथे अधिकारी दुसऱ्यांदा गेला की नाही, एवढाच प्रश्न तेथे विचारला जाईल.

हा सारा दूरदेशीचा तंटा आहे असे समजून मराठी वाचकाने वर्तमानपत्राची घडी घालू नये. पुण्यामुंबईचे शेकडो तरुण आज जर्मन विद्यापीठांत आणि कारखान्यांत आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करारही केला आहे. रस्त्यावरचा संशय पारपत्र तपासून व्यक्त होत नाही. कातडीचा रंग पाहून होतो. सुक्याबरोबर ओले जळते ते असे. शिवाय आपल्या देशाने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र सर्वंकष कायदाही नाही. जगण्याचा हक्क नागरिक नसलेल्यालाही आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला १९९६ मध्ये चकमांच्या प्रकरणात सांगावे लागले. युद्धकाळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहून गेले. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांतून सिंधी निर्वासितांनी उल्हासनगर उभे केले. आश्रय देण्याची परंपरा आपल्याला आहे, पण परंपरा म्हणजे कायदा नव्हे. कायदा नसला म्हणजे निर्णय त्या त्या वेळच्या राजकारणाच्या हाती जातो, आणि मग कोणाला पाहुणा म्हणावयाचे व कोणाला घुसखोर, हे माणसाच्या संकटावरून न ठरता त्याच्या नावावरून ठरू लागते.

आश्रय हे सरकारने परक्याला दिलेले वचन आहे आणि सुरक्षितता हे त्याने आपल्या नागरिकाला दिलेले वचन आहे. या दोहोंत विरोध आहे असे जे सांगतात ते बहुधा दोन्ही वचने मोडण्याच्या तयारीत असतात. झोलिंगेनने १९९३ मध्ये तुर्की लेकींना अग्नी दिला आणि २०२४ मध्ये उत्सवाला आलेल्या जर्मन नागरिकांना. दोन्ही वेळी मारणारे निराळे होते, मरणारे निराळे होते. पण त्यांच्या रक्षणाची जबाबदारी एकाच सत्तेवर होती. त्या सत्तेने शोकसभेत मान खाली घालावी हे योग्यच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत जाऊन प्रलंबित फायली हाती घ्याव्यात, हे मेलेल्यांचे तिच्यावरील खरे ऋण आहे.