एसटी थांबते, ट्रॅव्हल्स निघून जाते

कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकात दोन जग दिसतात. आत गगनबावडा, चंदगड, राधानगरीच्या लालपरीची वाट बघत असलेली माणसं: बाजाराची पिशवी घेतलेली आजी, पासवाल्या कॉलेजच्या मुली, मजुरीवरून परतणारे लोक. बाहेर पुण्या-मुंबईला निघालेली पडदे लावलेली स्लीपर ट्रॅव्हल्स. दोन्हींना आपण 'बस'च म्हणतो. पण कायदा त्यांना एक मानत नाही, आणि आपणही मानू नये.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात दोन वेगळे परवाने आहेत. टप्पा वाहतूक म्हणजे वाटेत थांबत, प्रत्येकाकडून वेगळं तिकीट घेऊन माणसं चढवणारी-उतरवणारी गाडी. कंत्राटी वाहतूक म्हणजे करार करून अख्खी भाड्याने घेतलेली गाडी. करारात नसलेला माणूस वाटेत घ्यायची तिला मुभा नाही. एसटी पहिल्या प्रकारात, ट्रॅव्हल्स कागदावर दुसऱ्या. फरक एसी आणि गादीचा नाही. रस्त्याकडेला हात करणाऱ्या माणसाचा त्या गाडीवर हक्क आहे की नाही, हा खरा फरक आहे.

हा हक्क आपल्याला आयता मिळालेला नाही. १९०१ साली छोटा भीम भाऊ आणि भाच्यांसोबत मसूर स्टेशनवर उतरला. जात कळल्यावर एकही गाडीवाला त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, तोही मुलांनीच बैलगाडी हाकायच्या अटीवर. १९२९ साली बॅरिस्टर झालेल्या बाबासाहेबांना चाळीसगावात टांगेवाल्यांनी नाकारलं. अनुभव नसलेल्या माणसाने टांगा हाकला, अपघात झाला, बाबासाहेबांचा पाय मोडला. गाडी मालकाच्या मर्जीवर चालते तेव्हा काय होतं, याचा हा पुरावा आहे. सार्वजनिक वाहनात अस्पृश्यतेवरून अडवणं गुन्हा ठरलं ते १९५५ च्या कायद्याने.

१ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. तिकीट घेतलं की सीट तुमची, शेजारी कोण बसलंय ते विचारायचं नाही. बसमध्ये चढल्याने जात संपली नाही, हे खरं. पण गावच्या पारावर ज्याला बसता येत नव्हतं, तो पाटलाच्या शेजारी बसून तालुक्याला गेला. ही लहान गोष्ट नाही.

आज कुणी दाराशी अडवत नाही. पण गाडीच आली नाही तर? 'तोट्यातली फेरी' म्हणून वस्तीची मुक्कामी गाडी बंद झाली, की सर्वात आधी कुणाची शाळा सुटते? पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे. मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे. हे सगळं एसटीत. फाट्यावर एसटीच थांबली नाही, तर तो पास दप्तरातला कागद.

दुसरा प्रश्न नोकरीचा. एसटी महामंडळाच्या भरतीत आरक्षण आहे. आपल्या कितीतरी घरांत पहिला पगार चालक-वाहकाचा आला. गाडी खासगी मालकाकडून भाड्याने घेतली आणि चालकही त्याचाच आला, की त्या जागेवरचं आरक्षण गेलं. शिवशाहीत हेच झालं. घोषणा न करता आरक्षण असंही संपवता येतं.

आम्ही ट्रॅव्हल्सच्या विरोधात नाही. पुण्याच्या कंपनीत राबणारी आपली पोरंही रात्री त्यानेच जातात. खासगी भाडं एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त नको, हा सरकारचा २०१८ चा निर्णय सणासुदीला पाळला जातो का, ते तिकीट काढणाऱ्याला विचारा. मुद्दा एवढाच, की एकीला दुसरीची पर्यायी गाडी समजू नका.

२६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी याच करवीर संस्थानात मागासांसाठी ५० टक्के जागा राखल्या. त्या मातीतल्या कार्यकर्त्यांनी एक काम हाती घ्यावं. आपल्या तालुक्यात कोणत्या फेऱ्या बंद झाल्या, कोणत्या वस्तीच्या थांब्यावर गाडी थांबत नाही, याची यादी करा. आगारप्रमुखाला लेखी निवेदन द्या, पोच घ्या, उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार टाका. जयंतीच्या मिरवणुकीइतकंच हेही बाबासाहेबांचं काम आहे.

जय भीम!