चित्रात पाणवठे दोनच राहतील



कोकणचं निसर्गचित्र म्हटलं की काय दिसतं? माड, कौलारू घर, लाल वाट, भातखाचरं, मागं निळा डोंगर. माणूस नाही. असलाच तर ठिपक्याएवढा. कॅलेंडरवर हेच, साहेबाच्या दिवाणखान्यात हेच. मी म्हणतो, हे चित्र खोटं आहे. रंग खरे, जमीन खोटी.

ती भातखाचरं कुणाची? खोताची. राबणारं कूळ कुठाय? पुसलं. 1937 साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती मोडायचं बिल मांडलं. जानेवारी 1938 मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर धडकला. खोती मोडणारा कायदा आला तो 1949 साली. हा सगळा हिशेब त्या हिरव्या रंगाखाली गाडलेला आहे.

मी सवचा. महाडजवळ, सावित्रीच्या काठचं, गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. पोटासाठी मुंबईत आलो. दिवसा दुकानांचे बोर्ड रंगवतो, रात्री चित्रं काढतो. गाव सोडलेला चित्रकार म्हणे गावाच्या आठवणीनं व्याकूळ होतो. होतो ना! पण आठवण कसली, ते विचारा. एका प्रदर्शनासाठी मी सावित्रीचं चित्र नेलं. नदी एक, पाणवठे दोन. वरच्या अंगाला त्यांचा, खालच्या अंगाला आमचा. आजी सांगायची तसेच. चित्रं निवडणारे गृहस्थ म्हणाले, "काम छान आहे हो, पण हा खालचा पाणवठा काढा. तोल जातो." तोल जातो! कुणाचा? चित्राचा की तुमचा? मी चित्र काखेत मारलं आणि चालू लागलो.

निसर्गचित्रात भांडण नको म्हणणाऱ्यांनी सूझा बघावा. 1924 साली गोव्यात साळगावला जन्मलेला, मुंबईत वाढलेला, चले जावच्या चळवळीपायी जे. जे. मधून काढलेला. 1947 च्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपमधला. 1949 ला लंडनला गेला. त्याच्या निसर्गचित्रांत जाड काळ्या रेघा आहेत, एकमेकांवर कलंडणारी घरं आहेत. जमिनीला त्यानं गोंजारलं नाही. तरी जगानं त्याला डोक्यावर घेतला. मग तोल सांभाळायचा तो आम्हीच का?

नागपूरच्या सवी सावरकरांनी गळ्यात मडकं बांधलेला माणूस कॅनव्हासवर आणून उभा केला. आता त्या माणसाच्या पायाखालची जमीन रंगवायची आहे.

चवदार तळंच घ्या. पाणी, आकाश, पायऱ्या. सुंदर दिसेल. पण 1923 चा बोले ठराव झाला, 1924 ला नगरपालिकेनं तळं खुलं केलं, तरी पाण्याला हात लागला तो 20 मार्च 1927 ला. त्याचीही शिक्षा म्हणून माणसांची डोकी फोडली आणि तळं शेण-गोमूत्रानं 'शुद्ध' केलं. हायकोर्टाचा निकाल लागायला 1937 उजाडलं. पाण्याला रंग नसतो असं शाळेत शिकवतात. महाडात येऊन शिकवा म्हणावं!

आपल्यातलेही काही म्हणतात, डोंगर-नद्या हा भरल्या पोटाचा उद्योग, तू बाबासाहेबांचं चित्र काढ. काढतो की. जयंतीला दरवर्षी काढतो. पण म्हणून डोंगर-नद्या त्यांना आंदण द्यायच्या? महाडच्या वेशीवर गांधारपाल्याची लेणी आहेत. बुद्धाचे भिक्खू त्या कातळात राहिले. तो डोंगर रंगवायचा हक्क आमचा नाही, तर कुणाचा? ज्यांनी गावाबाहेर ठेवलं त्यांच्याच हाती गावाचं चित्र दिलं, तर आपली पोरं उद्या विचारतील, आपण होतो तरी कुठं?

म्हणून ब्रश धरणाऱ्या प्रत्येक पोरानं आपल्या गावाला जावं. वाडी कुठं, विहीर कुठं, मसणवट कुठं, वारा कुठून कुठं वाहतो, हे म्हाताऱ्यांना विचारून कागदावर उतरवावं. सुंदर दिसलं तर दिसू द्या. नदी सुंदरच आहे. पण खालचा पाणवठा पुसायचा नाही. कुणी कितीही पैसे देवो.

जय भीम!