जुन्या गाडीचे ब्रेक : जीएसटी घटला, पण पैसे नेमके कुठे वाचवायचे?

एमएच-११ आणि एमएच-१० पासिंगच्या पंधरा-पंधरा वर्षांच्या वॅगनआर, सँट्रो, इंडिका साताऱ्यात आणि सांगलीत आजही रोज रस्त्यावर दिसतात. गाडीचा बाजारभाव दरवर्षी खाली जातो, पण खर्च तसाच राहतो. पुढच्या चाकातून करकर ऐकू आली आणि मेकॅनिक म्हणाला, ‘पॅड गेलेत, डिस्कही बघावी लागेल’, की मालक विचारात पडतो. एवढ्या जुन्या गाडीवर आता किती घालायचे?

२२ सप्टेंबर २०२५ पासून हे गणित थोडं बदललं आहे. वाहनांच्या सुट्या भागांवरचा २८ टक्के जीएसटी १८ टक्क्यांवर आला. म्हणजे मूळ किंमत १,००० रुपये असलेला पॅडचा सेट १,२८० ऐवजी १,१८० रुपयांना मिळायला हवा. दुसऱ्या बाजूला, ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांहून जुन्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क १० हजार रुपये केलं. सुटे भाग स्वस्त आणि गाडी ठेवणं महाग, असा हा उलटसुलट प्रकार आहे. नूतनीकरणासाठी गाडीची तपासणी होते आणि तिथे ब्रेक बघितले जातात.

घाटात ब्रेकवर किती ताण येतो?

पाचगणीहून पसरणी घाटाने वाईत उतरताना गाडी साधारण साडेपाचशे ते सहाशे मीटर खाली येते. हिशेब केला तर ही ऊर्जा ताशी ८० किलोमीटरने धावणारी तीच गाडी वीसहून अधिक वेळा पूर्ण थांबवण्याइतकी भरते. काही भाग इंजिन आणि हवा घेते, पण गिअर न्यूट्रलला टाकून ‘पेट्रोल वाचवणाऱ्या’ चालकाच्या गाडीत जवळपास सगळा भार ब्रेकवर पडतो. त्याची उष्णता होते. हलक्या पॅडमधला चिकट पदार्थ तापून वायू सोडतो आणि पकड सुटते. पेडल दाबलं जातं, गाडी मात्र थांबत नाही. सांगली ते मिरज सपाट रस्त्यावर हाच पॅड वर्षभर काही तक्रार करणार नाही. स्वस्त पॅडबद्दल ‘मला तर काही त्रास नाही’ म्हणणारे खोटं बोलत नसतात, ते फक्त घाटात गेलेले नसतात.

मग ओरिजिनल की लोकल?

प्रश्नच जरा चुकीचा आहे. डिस्क मोजता येते, पॅड मोजता येत नाही. फरक इथे आहे.

डिस्क बिडाची असते. बीड ओतणं या भागाला नवं नाही; किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० चा आहे, शेजारचं कोल्हापूर तर फाउंड्रीसाठीच ओळखलं जातं. त्यामुळे ‘लोकल’ म्हणजे वाईट असं डिस्कच्या बाबतीत सरसकट म्हणता येत नाही. बनवणाऱ्याचं नाव आणि किमान जाडी डिस्कवर कोरलेली असेल, तर ती घ्यायला हरकत नसते. जुनी डिस्कही लगेच फेकू नये. व्हर्निअरने जाडी मोजावी. किमान आकड्याच्या वर असेल, तडे नसतील आणि पेडल थरथरत नसेल, तर नुसते पॅड बदलून भागतं. लेथवर डिस्क घासून देणारे कुपवाड-मिरजेत सहज सापडतात, पण घासल्यानंतरही जाडी किमान आकड्याच्या वर राहायला हवी. पातळ डिस्क लवकर तापते. बदलायची झाली तर दोन्ही बाजूंची एकदम बदलावी, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

पॅडचं तसं नाही. त्याचं मिश्रण ३०० अंशाला कसं वागेल, हे दुकानाच्या काउंटरवर कुणालाच सांगता येत नाही. म्हणून इथे नावालाच पैसे मोजावे लागतात. मात्र कारकंपनीच्या डब्यातलाच पॅड हवा असं नाही. राने, ब्रेक्स इंडिया, बॉश यांचे पॅड त्यांच्या स्वतःच्या नावाने खुल्या बाजारात मिळतात आणि अनेकदा कंपनीच्या डब्यापेक्षा स्वस्त पडतात. बिल घ्यावं, डब्यावरची एमआरपी आणि तारीख बघावी. बिल नको म्हणून सूट देणारा दुकानदार नकली मालाची जबाबदारीही घेणार नाही.

याच खेपेला ब्रेक ऑइलही बघून घ्यावं. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ प्रकारचं ताजं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा मुरला की हीच मर्यादा १४० पर्यंत उतरू शकते. दोन वर्षांत बदललं नसेल तर नव्या पॅडचाही घाटात उपयोग नाही. कॅलिपरच्या पिना साफ करून ग्रीस लावायला मेकॅनिकला आवर्जून सांगावं. एक पॅड संपलेला आणि दुसरा निम्मा शिल्लक, हे बहुतेकदा अडकलेल्या पिनांमुळे होतं.

नवे पॅड डिस्कवर बसायला पहिले दोन-तीनशे किलोमीटर जातात. तोवर जोरात ब्रेक मारणं टाळावं आणि काम झालं त्याच रविवारी महाबळेश्वरचा बेत आखू नये.