मालकांचे भांडण आणि कर्मचाऱ्यांचा हिशेब

बंगळूरच्या 'बायजूज' या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीचे मोल २०२२ साली २२ अब्ज डॉलर ठरविले गेले होते. १६ जुलै २०२४ रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने तिच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया लागू केली. निमित्त होते क्रिकेट नियामक मंडळाच्या सुमारे १५८ कोटी रुपयांच्या थकबाकीचे. हा डोलारा कोसळला कसा, याचे भांडवली वृत्तपत्रांकडे ठरीव उत्तर आहे : 'कारभारातील बेशिस्त'. उत्तर खोटे नाही. मात्र अर्धेच आहे.

मार्च २०२१ मध्ये संपलेल्या वर्षाचे हिशेब दीड वर्षाने, सप्टेंबर २०२२ मध्ये बाहेर आले. तोटा साडेचार हजार कोटींहून अधिक निघाला. जून २०२३ मध्ये हिशेबतपासनीस कंपनीने काम सोडले आणि बड्या गुंतवणूकदारांचे तीन प्रतिनिधी संचालक मंडळातून बाहेर पडले. परंतु कंपनीचे मोल फुगत होते तोवर हिशेबाच्या दिरंगाईपायी यांपैकी एकानेही खुर्ची सोडली नव्हती.

किंमत मोजली ती इतरांनी. ऑक्टोबर २०२२ मध्ये २,५०० कर्मचारी कमी करण्याची घोषणा झाली. तिरुवनंतपुरमच्या टेक्नोपार्कमधील कर्मचाऱ्यांनी राजीनाम्याच्या सक्तीची तक्रार केरळच्या श्रममंत्र्यांकडे नेली, तेव्हा तेथील केंद्र बंद करण्याचा निर्णय कंपनीला मागे घ्यावा लागला. अभ्यासक्रम पालकांच्या गळ्यात मारले जातात, या तक्रारींवरून डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने कंपनीच्या प्रमुखांना पाचारण केले.

विक्रीचे दडपण किती आहे, किती पालक पैसे परत मागत आहेत, हे सर्वांत आधी कळते ते फोनवर बसलेल्या कर्मचाऱ्याला. संचालक मंडळात त्यालाच जागा नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत कलम ४३-अ घातले आणि व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग हे राज्याच्या धोरणाचे मार्गदर्शक तत्त्व ठरविले. २०१३ च्या कंपनी कायद्याने मात्र मंडळावर कामगार प्रतिनिधी घेण्याचे बंधन कोणत्याही कंपनीवर घातले नाही.

संस्थापक विरुद्ध गुंतवणूकदार हा मालकांचा आपसातील कलह आहे. चार स्वतंत्र संचालक नेमून तो मिटेलही. कर्मचाऱ्यांच्या हाती त्यातून काही पडणार नाही. म्हणून या क्षेत्रातील संघटना बांधणी आणि कलम ४३-अ ला कायद्याचे बळ देण्याची मागणी ही दोन्ही कामे एकत्रच हाती घेतली पाहिजेत. मालकांच्या भांडणात वह्या उघड्या पडण्याची वाट पाहणे कष्टकऱ्यांना परवडणारे नाही.