भौतिकशास्त्र म्हणजे गणिताचा दुसरा तास नव्हे

‘गणित पक्कं असलं की फिजिक्स आपोआप जमतं.’ अकरावीच्या प्रवेशाच्या दिवसांत हे पालक सांगतात, क्लासवाले सांगतात आणि दुर्दैवानं काही शिक्षकही मानतात. हा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. सदिश, त्रिकोणमिती आणि कॅल्क्युलस यांच्यावाचून अकरावीचं भौतिकशास्त्र पुढे सरकत नाही. निसर्गाचा ग्रंथ गणिताच्या भाषेत लिहिलेला आहे, असं गॅलिलिओनं १६२३ साली मांडलं, त्याचाही दाखला दिला जातो. पण भाषा येते म्हणून ग्रंथ वाचून झाला असं होत नाही. उतरत्या फळीवरून गोळे सोडून, वाहत्या पाण्याच्या वजनावरून वेळ मोजत बसणाराही गॅलिलिओच होता.

साधा लंबक घ्या. सूत्रात एक मीटर लांबी घातली की आवर्तकाल सुमारे दोन सेकंद येतो. गणित इथे संपतं, भौतिकशास्त्र इथून सुरू होतं. तोच लंबक एकदा पाच अंशांतून सोडा आणि एकदा साठ अंशांतून. दुसऱ्या वेळी दहा आंदोलनांना सेकंदभर तरी जास्त लागतो. साधं स्टॉपवॉच हा फरक पकडतं. सूत्रात तर कोन कुठेच नाही! मग चुकलं काय? सूत्र काढताना साइन थीटाच्या जागी नुसता थीटा धरला होता, आणि ते फक्त लहान कोनालाच चालतं. जवळपास समान म्हणजे समान, हे गणित कधीच मान्य करणार नाही. भौतिकशास्त्र मात्र अशा सवलतींवरच उभं आहे, आणि सवलत कुठवर चालते हे ओळखणं हाच त्याचा अभ्यास. कितीही समीकरणं सोडवली तरी हे आपोआप येत नाही.

आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये दोन दिवसांत सहा प्रश्न असतात, सगळे कागदावर. भौतिकशास्त्राच्या ऑलिंपियाडमध्ये पन्नासपैकी वीस गुण प्रयोगाला. आपल्या बारावीलाही प्रात्यक्षिकाला तीस गुण आहेत, पण त्यांचं काय होतं? गुरुत्वत्वरणाचं ९.८ हे उत्तर आधीच ठाऊक असतं, त्यावरून उलटी रीडिंग्ज काढली जातात, जर्नल एकमेकांचं बघून उतरवलं जातं. सीईटीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मिळून शंभर प्रश्न नव्वद मिनिटांत. या धावपळीत ‘हे सूत्र इथे लागू आहे का’ असं थांबून विचारणारा मुलगाच मागे पडतो. मला याचा संताप येतो, कारण तोच खरा भौतिकशास्त्र शिकत असतो.

यात गणिताचंही नुकसान आहे. ते नुसतं हत्यार उरतं. हजार त्रिकोण मोजून कोनांची बेरीज १८० अंश सिद्ध होत नाही, तिला सिद्धताच लागते, ही गणिताची शान आहे. कोनमापकानं १७९ आले तर गणिताला त्याच्याशी देणंघेणं नाही. भौतिकशास्त्रानं मात्र त्या एका अंशामागे लागलंच पाहिजे. दोन्ही शिस्तींना आपापला वेळ आणि आपापले प्रश्न हवेत.

म्हणून प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेत व्याख्या विचारणं थांबवावं. ‘तुझ्या उत्तरात किती चूक असू शकेल, आणि ती कुठून आली?’ एवढंच विचारावं. ज्याचं उत्तर ९.५ आलं आणि ज्याला त्याचं कारण सांगता आलं, त्याला पूर्ण गुण द्यावेत.